दहा मिनिटं आईची

बालदोस्तांनो, आणि 'बाल' म्हटलं की नाक मुरडणाऱ्या आठवी-नववीतल्या मोठ्या दोस्तांनो,

आज गप्पा सुरू करण्याआधी एक प्रश्न. अगदी खरं उत्तर द्यायचं हं! काल दिवसभरात तुमची आई किती वेळा नुसती बसली? जेवायला बसली ते धरायचं नाही. भाजी निवडायला बसली, तुमचा अभ्यास घ्यायला बसली, ऑफिसात खुर्चीवर बसली, तेही नाही. नुसती बसली, पाय पसरून, हातात काहीही काम न घेता. आठवा बघू.

आठवत नाही ना? लाजू नका. तुमच्याएवढी असताना मलाही आठवलं नसतं. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे.

आमचं घर सात माणसांचं. आजी, आजोबा, आई, बाबा आणि आम्ही तिघं भावंडं. नळाला पाणी पहाटे पाचला यायचं आणि साडेसहाला जायचं, त्यामुळे आईचा दिवस पाचाच्या आधीच उजाडायचा. संध्याकाळी आम्ही शाळेतून यायचो तेव्हा ती ओट्याला टेकून, एक हात कमरेवर ठेवून उभी असायची. 'आई, खायला काय?' असं आम्ही तिघं एकदम ओरडलो की ती खेकसायची. बाजारातून येताना जिन्याच्या मधल्या पायरीवर पिशवी खाली ठेवून थांबायची. आम्ही आपसांत तिला काय म्हणायचो माहीत आहे? चिडका बिब्बा! बाबा म्हणायचे, 'तिचा स्वभावच तसा आहे.' आजी म्हणायची, 'आमच्या वेळी नव्हतं बाई एवढं दमायला होत.' आणि आई? ती काहीच म्हणायची नाही.

मी पाचवीत असताना श्रावणात माझ्या मावसबहिणीची मंगळागौर होती. नवीन लग्न झालेल्या मुली पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी ही पूजा करतात आणि रात्री जागरण करून खेळ खेळतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मी आईबरोबर गेले होते. रात्री अकराच्या सुमाराला खेळ रंगात आले, तेव्हा मावशीनं भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या आईला हाताला धरून ओढलं. आई 'नको नको' म्हणत उठली, पदर खोचला, मावशीचे हात धरले आणि...

काय सांगू तुम्हाला! माझी आई फुगडी घालत होती. नुसती घालत नव्हती, भिंगरीसारखी फिरत होती. मान मागे, पाय जागच्या जागी, आणि चेहऱ्यावर मी कधीही न पाहिलेलं हसू. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले. ही आपली आई? हिला हे येतं?

दुसऱ्या फुगडीला मात्र ती मध्येच थांबली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली आणि मटकन खाली बसली. मावशीनं तिला पाणी दिलं, मग तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं किंचित ओढून पाहिली. आतला भाग लाल-गुलाबी हवा, तो पांढुरका होता. पुढच्या आठवड्यात मावशी स्वतः तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन होतं आठ.

आठ! बाईच्या रक्तात ते निदान बारा असायला हवं. म्हणजे माझी आई चिडकी नव्हती. तिचा स्वभाव 'तसा' नव्हता. तिच्या अंगात रक्तच कमी होतं, आणि घरातल्या सहा माणसांपैकी एकालाही ते कळलं नव्हतं.

गाड्याच कमी, तर माल कसा पोचणार?

हे हिमोग्लोबिन काय काम करतं, ते आधी समजून घेऊ या. आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला प्राणवायू फुप्फुसांत येतो. तिथून तो बोटांच्या टोकापर्यंत पोचवायचं काम रक्तातल्या लाल पेशी करतात. त्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं, आणि हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. समजा, बाजारात टोमॅटोचे ढीग पडलेत, पण ते गावोगावी न्यायला टेम्पोच कमी आहेत. मग कितीही टोमॅटो असून उपयोग काय? रक्त कमी असलेल्या माणसाचं तसंच होतं. श्वास भरपूर, पण माल वाहून न्यायला गाड्याच नाहीत! म्हणून दम लागतो, पाय दुखतात, डोकं गरगरतं, आणि हो, चिडचिडही होते.

माझ्या आईसारख्या आया किती असतील? २०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात १५ ते ४९ वर्षं वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात ५४ होतं. आणि मुलींनो, कान देऊन ऐका. देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींमध्ये ते शंभरात ५९ होतं. म्हणजे ही नुसती आईची गोष्ट नाही, तुमच्या ताईची आणि उद्या तुमचीही आहे.

असं का होतं? दर महिन्याच्या पाळीत रक्त जातं. बाळंतपणात आईचं रक्त बाळासाठी खर्ची पडतं. आणि पुष्कळ घरांत आई सगळ्यात शेवटी जेवते. तोवर पातेल्यात पालेभाजी उरलेली असते का? तुम्हीच बघून सांगा.

शिवाय कामाचे तास पाहा. २०१९ साली सरकारनं 'वेळ कुठे जातो' याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणारे पुरुष घालवत होते ९७ मिनिटं. आणि असा हात लावणारे पुरुष होते शंभरात फक्त २६! गणितात हुशार असणाऱ्यांनी यातून काय निष्कर्ष निघतो तो काढावा.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आई सारखी दमत असेल, तर आधी रक्ततपासणी. कमी आलं तर डॉक्टर सांगतील त्या लोहाच्या गोळ्या, आणि ताटात मेथी, चवळई, मटकी, डाळी, बाजरीची भाकरी. वर लिंबू पिळायचं, कारण लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा मात्र नको. तो उलटं काम करतो. योगासनं, प्राणायाम, नाच हे सगळं फार चांगलं आहे, पण त्यानं लोह तयार होत नाही. कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

श्वासाची गंमत

आता दुसरी गोष्ट. आईच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा मावशीनं आमच्या घरात एक कायदा केला. रोज संध्याकाळी दहा मिनिटं आईनं आतल्या खोलीत जायचं आणि त्या दहा मिनिटांत तिला कुणीही हाक मारायची नाही. दारावर पहारा माझा!

आत ती काय करायची? सतरंजीवर आडवी व्हायची, भिंतीला लावून दोन्ही पाय वर करायची आणि सावकाश श्वास घ्यायची. एवढंच. दिवसभर उभं राहिलं की पायांतलं रक्त वर चढायला कष्ट पडतात, पाय जड होतात. पाय वर केले की ते आपोआप खाली, छातीकडे येतं. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण एरवी आपल्याविरुद्ध काम करतं, ते इथे आपल्या बाजूनं काम करतं. आहे की नाही युक्ती?

आणि सावकाश श्वासाचं काय? त्याचा प्रयोग तुम्हीच करून पाहा. मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधा. आता चार अंक मोजेपर्यंत श्वास आत घ्या आणि सहा अंक मोजेपर्यंत बाहेर सोडा. असं पाच-सहा वेळा करा. नीट लक्ष दिलंत तर कळेल, की श्वास आत घेताना नाडी किंचित भरभर चालते आणि सोडताना किंचित मंद होते. प्रत्येकाला पहिल्याच वेळी जाणवेल असं नाही, पण चिकाटी ठेवा. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी एक लांबलचक नस आहे. उच्छ्वास लांबवला की तिच्यामार्फत हृदयाला निरोप जातो, 'घाई नाही, जरा दमानं घे.' बघा, आपल्या भाषेतसुद्धा दम म्हणजे श्वास! 'दमानं घे' म्हणजे श्वास घेऊन, सावकाश कर. आपल्या पूर्वजांना हे कधीच कळलं होतं.

आणखी एक. श्वास घेताना पोट पुढे आलं पाहिजे. छातीच्या खाली श्वासपटल नावाचा एक स्नायू असतो. तो खाली सरकला की फुप्फुसांना जागा मिळते आणि पोट पुढे येतं. झोपलेल्या तान्ह्या बाळाकडे पाहा, त्याचं पोट कसं छान वरखाली होत असतं! मोठेपणी आपण पोट आवळून, खांदे उचलून, वरवरचे श्वास घेतो. घाईत असलेली आई तर हमखास तशीच घेते.

हे सगळं फक्त जुन्या पोथ्यांत लिहिलेलं आहे असं समजू नका. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली. तिथे आसनं आणि प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे यंत्रं लावून, क्ष-किरणांनी पाहून तपासायला त्यांनी सुरुवात केली. विश्वास ठेवा असं न म्हणता मोजून पाहा म्हणणारा माणूस!

आजारी मुलगी आणि तिचे बाबा

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार नावाचे जगप्रसिद्ध योगशिक्षक होऊन गेले. त्यांची थोरली मुलगी गीता लहानपणी मूत्रपिंडाच्या गंभीर आजारानं अंथरुणाला खिळली होती. योगासनं करतच ती त्या दुखण्यातून उभी राहिली आणि पुढे तिनं सगळं आयुष्य त्यालाच वाहिलं. गीताताई अय्यंगारांनी खास स्त्रियांसाठी योगाभ्यासाचं पुस्तक लिहिलं. पुण्यातल्या त्यांच्या संस्थेत देशोदेशीच्या बायका शिकायला येत. २०१८ साली त्या गेल्या.

गीताताईंच्या शिकवण्यातली मला आवडणारी गोष्ट कोणती सांगू? त्यांनी बाईच्या शरीराकडे नीट पाहिलं. शाळकरी मुलीनं काय करावं, पाळीच्या दिवसांत काय टाळावं आणि कशानं आराम वाटेल, पोटात बाळ असताना काय, चाळिशीनंतर काय, याचा वेगवेगळा विचार केला. सगळ्यांना एकच औषध नाही. पाय पोचत नाहीत? खुर्ची घ्या. पाठ टेकत नाही? उशी, घडी घातलेलं ब्लँकेट घ्या. शरीराला दामटायचं नाही, त्याला हात द्यायचा.

म्हणूनच एक सांगून ठेवते. टीव्हीवर किंवा मोबाईलवर पाहून भराभर श्वासाचे प्रकार, म्हणजे कपालभाती, भस्त्रिका वगैरे, आईला करायला लावू नका. रक्तदाब जास्त असेल, पोटात बाळ असेल, तर ते चालत नाहीत. ते शिकायचे शिक्षकासमोर बसून. सावकाश श्वास मात्र कुणालाही चालतो. त्यातही गुदमरल्यासारखं वाटलं, तर लगेच सोडून द्यायचा.

आजीचं व्यायामाचं पुस्तक

आणि तिसरी गोष्ट म्हणजे नाच. 'आमच्या वेळी व्यायामाची थेरं नव्हती,' असं आजी म्हणते ना? खरं तर तिच्याकडे अख्खी व्यायामशाळा होती, फक्त तिला कुणी तसं नाव दिलं नव्हतं! मंगळागौरीचे खेळच घ्या. फुगडीत सगळ्या अंगाचा तोल. झिम्म्यात टाळ्या आणि पावलांचा ताल. पिंग्यात कमरेतून वाकून डोलणं. कोंबड्यात उकिडवं बसून उड्या मारणं, करून पाहा, मांड्या बोलायला लागतात! कधी हातात सूप, कधी लाटणं. घरातली कामाची वस्तू त्या रात्री खेळणं होऊन जायची.

आणि श्वास? तोही होताच. फुगडी रंगात आली की बायका तोंडानं ताल धरतात, त्याला पकवा म्हणतात. गोव्याच्या फुगडीत तर वेग वाढला की 'फू, फू' असा आवाज काढत श्वास जोरानं बाहेर टाकतात.  काही घरांत नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. घागरीच्या तोंडावर फुंकर मारून घुमणारा नाद काढायचा आणि त्याच तालावर नाचायचं. श्रद्धा ज्याची त्याची, पण फुंकणं आणि नाचणं यांची सांगड बायकांनी किती आधीपासून घातली होती बघा. मात्र भराभर फुंकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि गरगरतं, हात-ओठ मुंग्या आल्यासारखे होतात. तेव्हा मध्ये थांबायचं, शहाण्यासारखं.

नाचून दमल्यावरही ताजंतवानं का वाटतं? हृदय जोरात चालतं, रक्त भरभर खेळतं. पाय हलले की पोटरीचे स्नायू आवळतात-सैल होतात आणि खाली साचलेलं रक्त वर ढकलतात. म्हणून पोटरीला कुणी कुणी दुसरं हृदय म्हणतात. पण माझं मत विचाराल तर अर्धं कारण वेगळंच आहे. त्या रात्री 'भाजी कुठाय', 'इस्त्री झाली का', 'माझा मोजा सापडत नाही' असं विचारायला कुणी नसतं. समोर एक मैत्रीण असते, तिचे हात आपल्या हातात असतात. ती सोडणार नाही हा विश्वास असतो, म्हणून तर एवढं मागे रेलता येतं! २०२३ साली आलेला 'बाईपण भारी देवा' हा सिनेमा तुमच्या घरी पाहिला असेल. त्यातल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. तो बघून कितीतरी आया-मावश्या रडल्या आणि हसल्या, ते उगाच नाही.

करून पाहा

आता तुमचा गृहपाठ. एक आठवडा, रोज वीस मिनिटं.

पहिली दहा मिनिटं फक्त आईची. वेळ तिनं ठरवायची. तेवढा वेळ दारावर पहारा तुमचा. फोन वाजला तर घ्या, दूधवाला आला तर भांडं तुम्ही पुढे करा, धाकट्याचं भांडण झालं तर तुम्ही मिटवा. ती झोपेल, पाय वर करून श्वास मोजेल नाहीतर नुसती खिडकीतून बघेल. 'काय केलंस गं?' असं विचारायचं नाही.

दुसरी दहा मिनिटं तिच्याबरोबर. दोघांनी मिळून ताडासनात उभं राहा, हात वर ताणा. मग मांजरासारखं चार पायांवर या, श्वास सोडताना पाठ वर गोल करा, घेताना खाली सोडा. मग आईला आवडेल ते गाणं लावा आणि नाचा. झिम्मा घाला, लेझीम काढा, गरबा करा, काय वाटेल ते. येत नसेल तर आजीला विचारा, आणि तिचा चेहरा कसा खुलतो ते पाहा.

फुगडी घालायची असेल तर हे नियम: जमीन कोरडी हवी, पाय अनवाणी, पोट भरलेलं नको. हातांची फुली करून घट्ट धरा, चवडे जवळ आणा, अंग ताठ ठेवून मागे रेला. नजर एकमेकींच्या चेहऱ्यावर ठेवा. तुमच्याबरोबर तोही फिरत असतो, त्यामुळे चक्कर कमी येते. थांबल्यावर लगेच हात सोडायचे नाहीत. कानाच्या आतल्या नलिकांमधलं पाणी अजून फिरत असतं, ते शांत होईपर्यंत उभं राहायचं. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना चक्कर येते, ज्यांचा रक्तदाब जास्त आहे किंवा ज्यांच्या पोटात बाळ आहे, त्यांनी फुगडी न घालता टाळ्यांचा ताल धरावा.

मुलींनो, तुमच्यासाठी एक खास निरोप. सहावी-सातवीपर्यंत अंगणात धावणाऱ्या कितीतरी मुली पाळी सुरू झाली की खेळणं सोडतात. 'आता मोठी झालीस' म्हणून कुणी सोडायला लावतं, नाहीतर आपणच लाजतो. पण तुमच्या वयाला रोज सरासरी तासभर तरी अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते मुलगा-मुलगी दोघांसाठी सांगते. पाळीच्या दिवसांत दुखत असेल तर खुशाल आराम करा, बरं वाटत असेल तर खुशाल खेळा. दुखणं फारच असेल, रक्त फार जात असेल, तर ते आईला सांगा. गप्प बसू नका. माझी आई गप्प बसली होती.

आणि मुलग्यांनो, 'हे तर मुलींचं सदर आहे' म्हणून पान उलटत होतात ना? पकडलं! पहाऱ्याचं काम तुमचंही आहे. तुमचं ताट तुम्ही घासलंत तर आईच्या २९९ मिनिटांतली पाच वाचतात. बाबांनीही घासलं तर दहा. झाली की नाही दहा मिनिटं?

आयांना आणि बाबांना दोन शब्द. आयांनो, दहा मिनिटं मागताना अपराध्यासारखं वाटून घेऊ नका. मूल सांगून शिकत नाही, बघून शिकतं. स्वतःसाठी वेळ काढणारी आई पाहिलेली मुलगी उद्या स्वतःसाठी वेळ काढेल. बाबांनो, 'तिचा स्वभावच तसा आहे' हे वाक्य तोंडात आलं, तर ते गिळा आणि आधी तिला विचारा, 'रक्त कधी तपासलं होतंस?'

माझ्या आईचं पुढे काय झालं ते राहिलंच की! सहा महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन साडेअकरा झालं. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबणं बंद झालं. खेकसणं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, कारण आम्ही तिघंही काही कमी नव्हतो. पुढच्या श्रावणात पुन्हा मंगळागौर झाली. या वेळी तिनं मावशीला बाजूला सारलं आणि माझ्यापुढे हात केले. म्हणाली, 'घट्ट धर हं, मी जोरात फिरते.'

मी धरले. काय फिरली म्हणता! माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तिच्या नाही.

तर मग, करणार ना एवढं? आठवडाभरानं आम्हाला पत्र लिहा. तुम्ही काय केलंत ते थोडक्यात लिहिलंत तरी चालेल. आई काय म्हणाली, ते मात्र सविस्तर लिहा.

पुढच्या अंकात भेटूच.

तुमची,
ताई